पुढे चालणारी रोवणी

चंद्रपूरच्या कॉलेजात व्हिडिओच्या वर्गाला कॅमेरा एकच होता. ज्याचं विश्लेषण सगळ्यात चांगलं, त्याला पुढचं गाणं चित्रित करायला कॅमेरा मिळेल, असं सरांनी सांगितलं. विश्लेषणासाठी वर्गातल्याच एका मुलाने चित्रित केलेल्या गाण्याची सीडी सगळ्यांना वाटली. सावली गावाकडच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी करणाऱ्या बाया आणि त्यावर एक झाडीबोलीतलं गाणं.

मला तो कॅमेरा हवा होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, वर्गात मी बोलत नसे. तोंड उघडलं की मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "मॅडम, इंग्लिशमधी सांगा." कागदावर मात्र मला कुणी हसू शकत नव्हतं.

घरी सीडी थांबवून थांबवून पाहिली. एकेक शॉट वहीत उतरवला. कट नेमका ढोलकीच्या थापेवर कसा बसवलाय, हे मी त्या मुलाकडूनच शिकले. सहाव्या शॉटला बाया ओळीने रोवत थेट कॅमेऱ्याकडे येतात. तिथे मी लिहिलं, "उत्तम हालचाल. चेहरे हळूहळू मोठे होतात."

दुसऱ्या दिवशी सावलीला राहणारी माझी आत्या आली. तिची स्वतःची धानाची बांधी आहे. टीव्हीवर तीच सीडी लागली होती, चहा पिता पिता तिने विचारलं, "ह्या बाया सामोर काऊन चालून राह्यल्या?"

"म्हणजे?"

"रोवणी मागं मागं सरकत करते माय. सामोर गेलं का रोवलेलं तुडवल्या जाते. इतकी शिकली, तुले दिसलं नाई?"

मला दिसलं नव्हतं. सहावा शॉट पुन्हा लावला. बायांच्या मागे चिखलात नुकतेच रोवलेले पऱ्हे, धानाची रोपं, आडवे पडले होते, अख्ख्या बांधीभर. मी त्यालाच उत्तम म्हटलं होतं. आधी स्वतःचाच राग आला. ती ओळ खोडली नाही. खाली तुडवलेल्या रोवणीबद्दल एक परिच्छेद जोडला.

वर्गात मी तो वाचून दाखवला. ज्याचं गाणं होतं, तो मागे रेलून बसला होता. "तोंड दिसाले पायजे ना मॅडम. लोकं का पाठ पाह्यतीन?"

"मागे सरकतानाही चेहरा दिसतो," मी म्हणाले. "कॅमेरा घेऊन बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहायचं. बाया लांब जातात, एवढंच. तुला त्या तुझ्याकडे यायला हव्या होत्या."

कुणीतरी शिट्टी मारली.

"तुडवलेलं परत कोणी रोवलं?" मी विचारलं.

"त्याईनंच."

"कधी?"

"मले का मालूम? आमी तं निंगून आलो."

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "इथे तंत्रावर बोला, शेतीवर नको." मला सांगायचं होतं की कॅमेरा कुठे उभा राहतो यालाच तर तंत्र म्हणतात. ते वाक्य इंग्रजीत तयार होतं, मराठीत जुळेपर्यंत सर पुढच्या नावाकडे वळले होते.

कॅमेरा त्यालाच मिळाला. चामोर्शीच्या बाजारात गाणं करणार म्हणे.

माझा कागद परत आला. खाली जोडलेल्या परिच्छेदावर लाल पेनाने आडवी रेघ आणि एक शब्द: विषयांतर. सहाव्या शॉटसमोर, "उत्तम हालचाल" या माझ्या ओळीवर, मोठी बरोबरची खूण.