शिंपल्याचे डोळे

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. जोनसच्या लाकडी पक्ष्याचे डोळे मी बसवले होते.

जोनस गेल्याचा मेसेज शेडच्या ग्रुपवर आला तेव्हा मी घरून काम करत होतो, मीटिंगमध्ये. म्यूटवर होतो, म्यूटवरच राहिलो… कोविडमुळे अंत्यविधीला मोजक्यांनाच परवानगी होती. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही आता लिहून टाकतो.

जोनस सॉलोमन बेटांवरचा. मी इथे परदेशात राहतो त्या स्प्रिंगफील्ड लेक्स उपनगरातल्या मेन्स शेडमध्ये शनिवारी पुरुष मंडळी सुतारकाम करायला जमतात, तिथे तो भेटला. मी पेणचा, वडिलांचा गणपतींचा कारखाना होता, हे कळल्यावर त्याने माझ्या हातात पटाशी दिली. "आयटीवाल्या, बोटं कामाला लाव." तो एकच पक्षी कोरायचा, लांब पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा फ्रिगेटबर्ड. त्यांच्याकडे होडीवाले त्याच्या घिरट्या बघून मासे शोधतात. "समुद्रावरचा पक्षी, पण पाण्यावर बसू शकत नाही," जोनस म्हणायचा. "पंख भिजले की बुडाला. घर गाठावंच लागतं त्याला."

मग सीमा बंद झाल्या आणि तिकडे त्याची आई वारली. तिच्यासाठी त्याने हातभर लांबीचा पक्षी कोरला, डोळ्यांच्या खोबणी मात्र रिकाम्या ठेवल्या. शिंपल्याचे दोन तुकडे काड्यापेटीत घालून शेडमध्येच जपून ठेवले होते. त्याच्या घरात डोळे बसवायचे ते थडग्यापाशी, सगळ्या भावंडांनी मिळून. डोळे बसले की पक्षी गेलेल्या माणसाला घेऊन निघतो. हे त्याने मला नीट सांगितलं होतं.

पुढे तो छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात गेला. शेडची चावी माझ्याकडे होती. आंधळी मूर्ती अशी पडून राहू नये, त्याला फोटो पाठवू, खूश होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. वडिलांनी मला कधी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करू दिली नाही. ती फक्त त्यांची. एकदा तरी डोळे माझ्या हातून उघडावेत, एवढंच होतं ते. काम सुरेख झालं. फोटो पाठवायचा मात्र धीर झाला नाही.

जोनस परतला तो मास्क लावून, वाळलेला. पक्ष्यासमोर बराच वेळ उभा राहिला. "कुणी केलं?"

केविन नावाचा म्हातारा प्लंबर दर शनिवारी त्याला चिडवायचा, "मेट, तुझ्या कोंबडीला डोळे कधी फुटणार?" जोनसने त्याच्याकडे पाहिलं.

"मी नाही रे," केविन म्हणाला.

मी पटाशीला धार लावत होतो. लावतच राहिलो.

"आई निघून गेली," जोनस म्हणाला. "आणि मी तिथे नव्हतो." तो केविनशी पुन्हा बोलला नाही. केविन शेडला यायचा बंद झाला. दीड महिन्यात जोनस गेला.

पक्षी आता माझ्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी आहे. त्याच्या बहिणीचा मेसेज आलाय: सीमा उघडल्या की पाठवा, आई आणि जोनस, दोघांसाठी डोळे आता उरलेली मी एकटीच बसवेन… डोळे आधीच बसलेत, हे तिला माहीत नाही. त्याला मी उत्तर दिलेलं नाही. हे मराठीत लिहिलं, कारण तिला किंवा केविनला ते वाचता येणार नाही. त्या दोघांना खरं सांगायचं अजून बाकी आहे.