भैरोबापुढचा दिवा आणि वायपरचा फ्यूज

त्या दिवशी देवळातून बाहेर पडताना मला देवाचा राग आला होता. धाकट्या जावेचा तर इतका हेवा वाटत होता, की गाडीत ती शेजारी बसलेलीही नकोशी झाली. माझे पती पुण्याच्या दवाखान्यात होते. ऑपरेशनला घाबरून अडून बसलेले, "भैरोबाचा कौल घेऊन ये, मगच सही करीन." म्हणून आम्ही दोघी हिर्डोशीकडच्या आमच्या गावी आलो होतो. गुरवांनी माझ्यासाठी देवाला फूल लावलं. ते उजवीकडे पडलं की होकार. मी टक लावून बघत राहिले, पण फूल ढिम्म हललं नाही. मग जावेनं तेच मागणं घातलं, आणि फूल लगेच उजवीकडे पडलं. नवरा माझा, उपास माझे आणि कौल हिला! माझा नुसता जळफळाट झाला.

खरं तर प्रत्येक बाबतीत माझं हे असंच चालायचं. तिच्या गाडीत भैरोबाच्या तसबिरीपुढे विजेचा छोटा दिवा होता, म्हणून मीही चार्जरच्या जागी तसाच लावला. दसऱ्याला तिच्या गाडीला झेंडूचा हार, तर माझ्या गाडीला त्याच्या दुप्पट जाड, पार पुढच्या काचेपर्यंत. तो सुकला तरी मी काढला नव्हता. भोरकडे निघालो आणि परतीचा पाऊस कोसळू लागला. वायपर लावले, ते हारात अडकून कण्हले आणि बंद पडले. समोरचं काही दिसेना. एका अंगाला दरी. संध्याकाळच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं आणि मोबाईलला रेंज नव्हती.

मी चावी बंद केली आणि स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत नकाशा होता, प्रत्येक घरात बारीकसं चित्र. वायपरच्या चित्राचं घर शोधून निळा फ्यूज चिमट्यानं ओढला, तर आतली तार तुटलेली. जादा फ्यूज एकही नव्हता. तसाच निळा, तेवढ्याच ताकदीचा दुसरा फक्त एका घरात होता, चार्जरच्या. म्हणजे भैरोबापुढच्या दिव्याचा. माझा हात थबकला. आधीच रुसलेल्या देवापुढचा दिवा आपल्याच हातानं घालवायचा?

जाऊ भिजत बाहेर उभी राहून वायपरमधला हार सोडवत होती. खिडकीतून वाकून म्हणाली, "काढा ताई. देवाला कशाला उजेड पायजे? आपल्याला वाट दिसू द्या."

मी फ्यूज बदलला. चावी फिरवली, तसा दिवा लागला नाही, पण वायपर चालू झाले. ती ओल्या पदरानं तोंड पुसत आत बसली, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. अंधारातल्या तसबिरीकडे बघून मी मनात म्हटलं, आता तू नेशील तसं. आणि गाडी पुढे काढली.

दवाखान्यात पतींनी विचारलं, "तुला दिला ना कौल?" जाऊ खाली बघत गप्प राहिली. माझा मोठेपणा राखायला ती खोटंही चालवून घेणार होती, हे मला कळलं.

"हिच्या हातून दिला," मी म्हणाले, "आपल्या सगळ्यांना."

त्यांनी सही केली. आज ते बरे आहेत, देवाची कृपा. हेवा मला अजूनही वाटतो, नाही असं नाही. पण चार्जरचं ते घर मी मुद्दाम रिकामंच ठेवलंय.