कुंकू न सोसणारा फोन

नल्लकुंट्यात त्रिवेणी खडक्यांची पिवळी व्हॅन माहीत नाही असं घर सापडणं कठीण, आणि सापडलंच तर त्या घरात शाळेत जाणारं पोर नसणार. गेली बारा वर्षं ही बाई सकाळी सातला बरकतपुऱ्यापासून सुरुवात करते, चौदा पोरं शाळेत पोचवते आणि दुपारी साडेतीनला परत आणून ज्याच्या त्याच्या दारात उतरवते. माहेर देगलूरकडचं. लग्न होऊन हैदराबादेत आली तेव्हा तेलुगूचा ओ की ठो कळत नव्हता. आता ट्रॅफिक पोलिसाशी ती तेलुगूत भांडते, भाजीवाल्याशी दखनीत आणि नवऱ्याशी मराठीत. नवऱ्याशी भांडायची वेळ तशी कमीच येते. शशिकांतराव एका कॉलेजात कारकून होते, आता निवृत्त झालेत, आणि "जाऊ दे गं" यापलीकडे त्यांचं तत्त्वज्ञान कधी गेलं नाही. त्रिवेणीनं मात्र जन्मात काही जाऊ दिलेलं नाही.

व्हॅनच्या लायसन्ससाठी ती गेली तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबानं विचारलं होतं, "गाडी चलाने कू घर में मर्द नै क्या?" ती म्हणाली, "है ना साब, लेकिन उनकू आता नै." साहेब हसला नाही, पण तिनं गाडी उलटी नेऊन इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवला तेव्हा त्याला सही करावीच लागली.

या बाईचा एक फोन होता. होता कशाला, अजून आहे. नऊ हजारांचा, काळा, एका कोपऱ्यात तडा गेलेला. मागचं झाकण सुटू नये म्हणून त्याला भाजीच्या जुडीचं रबर लावलेलं. सात वर्षांत तो पायरीवरून पडला, कणकेत पडला, एकदा चालत्या व्हॅनच्या टपावर राहून विद्यानगरपर्यंत जाऊन आला. दोन वर्षांपूर्वी मुसीला पूर येऊन अंबरपेठेचा रस्ता बंद झाला आणि व्हॅन तीन तास अडकली. आत चौदा पोरं, बाहेर गुडघाभर पाणी. पदरापासून सीटपर्यंत सगळं ओलं असताना तिनं त्याच फोनवरून एकेका घरी कळवलं, की पोरं माझ्यापाशी आहेत, बिस्किटं खातायत, घाबरू नका. एका बापाचा लाखाचा फोन नुसता वाजत राहिला. तो नंतर सांगत आला, की ओल्या बोटांना स्क्रीन ऐकतच नव्हती. "आमच्या रबरवाल्यानं ऐकलं बरं का," असं त्रिवेणीनं त्याला ऐकवलं आणि पुढे महिनाभर ज्याला त्याला ऐकवत राहिली.

तर पल्लवीला, म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकीला, हे रबर बघवेना. पल्लवी गच्चीबावलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पहिला मोठा बोनस हातात आला तशी ती पंच्याऐंशी हजारांचा फोन घेऊन आली आणि आईच्या ओटीत टाकला. "आता ते रबर फेक, आई. हा पाण्यात पडला तरी चालतो. जाहिरात बघितलीस ना?" त्रिवेणीनं जाहिरात बघितली होती. तलावाच्या तळाशी फोन, त्यातून माशांचे फोटो. लेकीच्या कौतुकानं तिचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून ती म्हणाली, "मासे कशाला? मला पोरांच्या आयांना फोन लागला म्हणजे झालं."

महिना बरा गेला. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजायची. खडक्यांच्या घरात सासूबाईंनी घालून दिलेला एक नेम आहे, तो दुसऱ्या कोणाकडे पाहायला मिळणार नाही. अवजाराला कुंकू लावायचं ते त्याच्या तोंडाशी, जिथून ते खातं तिथे. विळीला पात्यावर, मिक्सरला भांड्याच्या काठाला, व्हॅनला पेट्रोलच्या झाकणावर. अवजार वर्षभर आपल्यासाठी खपतं, तर एक दिवस त्याचं तोंड गोड करावं, असा त्यामागचा हिशेब. ज्या दिवसापासून फोन हे त्रिवेणीचं अवजार झालं, त्या दिवसापासून त्याचं तोंड म्हणजे चार्जिंगचं भोक. काळ्या फोननं सात वर्षं तिथे ओलं कुंकू खाल्लं होतं. त्याच्या त्या कडेचा रंग आता गुलाबीच झालाय. तेव्हा नव्या फोनलाही पाटावर बसवून, फुलानं पाणी शिंपडून, हळद वाहून त्रिवेणीनं भरल्या बोटानं कुंकू लावलं. काळ्याला लावलं तेवढंच. दुजाभाव नको म्हणून.

संध्याकाळी नवा फोन चार्जिंगला लावला तो लागेना. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो पार थंड पडला. सिम परत काळ्या फोनात गेलं. तो शेजारी आपला वाजतोय, सोनं घ्या सोन्यासारखं राहा म्हणून नांदेडहून फोन येतायत.

पल्लवीनं नवा फोन हिमायतनगरच्या सर्व्हिस सेंटरात दिला, आणि शाळा उघडल्यावर तिथून बोलावणं आलं. मायलेकी दोघी गेल्या. काचेचं दुकान, आत इतका गारठा की त्रिवेणीनं पदर लपेटून घेतला. भिंतीवर तोच तलाव, तोच फोन, तेच मासे. वंशी नावाचा मॅनेजर होता, तरुण, इस्त्रीचा, बोलायला गोड. त्यानं पडद्यावर फोनच्या तोंडाचा मोठा करून काढलेला फोटो दाखवला. लालभडक. "मॅडम, ये क्या है?"

"कुंकू है," त्रिवेणी म्हणाली. "तुम्हारे घर में नै लगाते क्या?"

वंशीनं हसू दाबलं आणि एक छापील कागद पुढे केला. यावर सही केली की दुरुस्तीत तीस टक्के सूट. पल्लवीनं पर्समधून पेन काढलंसुद्धा. त्रिवेणीला इंग्रजी अडखळत वाचता येतं. पाट्या वाचून वाचून आलेलं इंग्रजी ते. ती एका शब्दावर थांबली. "हे काय गं? नेग्लिजन्स?"

"निष्काळजीपणा," पल्लवी हळूच म्हणाली. "म्हणजे आपल्या निष्काळजीपणामुळे फोन बिघडला असं. तसंच लिहितात, आई. फॉर्मॅलिटी असते."

त्रिवेणीनं कागद काउंटरवर पालथा घातला. बारा वर्षांत तिच्या व्हॅनमधल्या एका पोराला खरचटलेलं नव्हतं. शेवटचं पोर जिना चढून आत जाईपर्यंत ती गिअर टाकत नाही, मागून कोणी कितीही हॉर्न मारो. लोक आपली पोरं तिच्या हवाली करतात ती तिच्यापाशी दुसरं काही नसून हा एक गुण आहे म्हणून. आणि ह्या पोरानं तीन ओळींच्या कागदावर तिला निष्काळजी करून टाकलं होतं. तिला राग आलाच, पण त्याहून जास्त अपमान वाटला. "ही सही मी करणार नाही," ती म्हणाली.

"सिस्टीम में जो है वोइच आता मॅडम, मैं क्या करूं बोलो."

"तुम कुछ नक्को करो. मैं बैठती."

आणि ती खरंच बसली. व्हॅनवाल्यांचे सकाळी साडेनऊ ते दुपारी तीन असे तास रिकामे असतात. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात झाडाखाली गाडी लावून घोरतात. त्रिवेणी रोज पोरं सोडून हिमायतनगरला जायची, सोफ्याच्या टोकाला बसायची, बाराला डबा उघडायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, "कितने का लिये? क्या हुआ?" गिऱ्हाईक सांगायचं. मग ही आपलं सांगायची. कुणाचा सत्तर हजारांचा तापत होता, कुणाचा लाखाचा वर्षात फुगला होता. तिसऱ्या दिवशी तर नवा फोन घ्यायला आलेलं एक जोडपं तिचं ऐकून परत गेलं. घरी शशिकांतराव म्हणाले, "जाऊ दे गं, एक शब्द तर आहे." त्या संध्याकाळी त्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागला.

चौथ्या दिवशी वंशीनं पल्लवीला ऑफिसातून बोलावून घेतलं. ती आली ती कानकोंडी होऊन. "आई, लोक बघतायत. चल ना. महागाचा फोन डेलिकेट असणारच, त्याला कोणी कुंकू लावतं का?"

वंशीला तेवढाच आधार मिळाला. "वोइच तो बोल रहा मैं. मॅडम, आप सिल्क की साडी लेते. कॉटन से दस गुना महंगी. पत्थर पे धोते क्या उसकू? महंगी चीज संभालना पडता."

दुकानातले चार-पाच जण माना हलवू लागले. मुद्दा बिनतोड होता. मग त्रिवेणी उठली, भिंतीपाशी गेली आणि त्या तलावावर बोट ठेवलं.

"पैठणी विकणाऱ्यानं मला ती दगडावर आपटून दाखवली नव्हती. तो म्हणाला, ताई, जपून वापरा. मी जपली, पंचवीस वर्षं झाली. तू फोन पाण्यात बुडवून दाखवलास. जास्तीचे पैसे त्याचे घेतलेस. मग माझं चिमूटभर कुंकू ह्याला जड होतं?" एवढं सगळं ती मराठीतच बोलली, आणि हिमायतनगरच्या त्या दुकानात ते सगळ्यांना कळलं.

मग तिनं पिशवीतून घरचा कुंकवाचा करंडा काढला. रबरवाला फोन काउंटरवर ठेवला. पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून कुंकू कालवलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडाशी लावलं, खंडेनवमीला लावते तसंच, भरल्या बोटानं. "पल्लवी, फोन लाव मला."

पल्लवीनं लावला. काळा फोन काउंटरवर थरथरत वाजला. वंशीकडचंच चार्जर घेऊन तिनं त्याच्या तोंडात घातलं. चार्जिंग सुरू झालं.

आता ती शोभेच्या टेबलाकडे वळली. तिथे विक्रीचे फोन मांडलेले होते, तिच्या फोनचीच भावंडं. तिनं कुंकवाचं बोट एकाच्या दिशेनं नेलं. वंशी काउंटरवरून जवळपास उडी मारून आला आणि त्यानं फोन छातीशी धरला. "नक्को मॅडम! डेमो पीस है, खराब हो जाता!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. "देखो," त्रिवेणी म्हणाली, "इनकू मालूम था. मेरेकू मालूम नै था. तो लापरवाह कौन हुआ?"

वंशीचे कान लाल झाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही वर कोणी होतं आणि त्याच्याही वर. त्यानं कागद उचलला तो सरळ पल्लवीपुढे ठेवला. "बिल आपके नाम पे है. आप साईन करे तो मॅटर खतम. मम्मी की साईन की जरूरतइच नै."

हे त्रिवेणीच्या ध्यानात आलं नव्हतं. फोन लेकीच्या नावावर होता. चार दिवस ती ज्या सहीवरून अडून बसली होती, ती सही तिची नव्हतीच. ती लेकीकडे बघत राहिली. तिला म्हणायचं होतं, कर सही, पण मग त्याखाली लिही की माझी आई निष्काळजी आहे. तिनं नुसता करंडा बंद केला.

पल्लवीनं पेन हातात घेतलं आणि पहिल्यापासून कागद वाचला. त्या शब्दाशी आली. मुसीच्या पुराच्या दिवशी आई पोरांचे ओले मोजे पिळत व्हॅनमध्ये बसली होती, ते तिला शेजारणीकडून कळलं होतं. आईनं स्वतः त्यातलं रबरवाल्या फोनचं कौतुक तेवढं सांगितलं होतं.

तिनं तो शब्द पेनानं खोडला. एकदा नाही, कागद फाटायला आला इतक्यांदा. आणि वरच्या मोकळ्या जागेत मराठीत लिहायला लागली. तिला मराठी लिहायची सवय नाही. अक्षरं आईनं महाराष्ट्रातून येणाऱ्या ट्रकांच्या पाठीवरच्या पाट्या दाखवून शिकवलेली, दहा वर्षांत हातून कागदावर उतरलेली नव्हती. सावकाश, एकेक अक्षर कोरत तिनं लिहिलं, "आईने खंडेनवमीला फोनला कुंकू लावले. फोनला सोसले नाही." आणि खाली सही केली, पल्लवी त्रिवेणी खडके. बिलावर मधलं नाव बापाचं होतं.

"ये क्या लिखे?" वंशीनं विचारलं.

"जो हुआ वो," पल्लवी म्हणाली. "ऐसाच भेजो."

वंशीनं तो कागद तसाच वर पाठवला. कंपनीत तो कोणाला वाचता आला की नाही, देव जाणे. पंधरा दिवसांनी फोन दुरुस्त होऊन आला, फुकट. सोबत माफीची चिठ्ठी नव्हती आणि कसलं कारणही नव्हतं. शशिकांतराव म्हणाले, चला, सुटलो. त्रिवेणी म्हणाली, सुटले ते लोक.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर दोन्ही फोन शेजारी शेजारी होते. रबरवाल्याला कुंकू लावून झालं. नव्याच्या तोंडाशी बोट नेताना त्रिवेणी थांबली आणि तिनं लेकीकडे पाहिलं. शशिकांतराव दारातून म्हणाले, "अगं, त्याला नुसतं फूल वाहा. जाऊ दे."

पल्लवीनं करंडा आईच्या आणखी जवळ सरकवला.

"लाव गं, भरल्या बोटानं लाव," ती म्हणाली. "बिघडला तर पुन्हा जाऊ. या वेळी मी रजा काढते."