नळीवरचं चाक

भाताच्या लावणीत आत्याच्या पायात काच घुसली, पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि आम्ही तिला खोपोलीच्या दवाखान्यात दाखल केलं. तिथलं अँटिबायोटिक सलाईनमधून अगदी हळूहळू द्यायचं होतं. आत्याला पहिल्या दिवसापासूनच संशय. आमच्या लोधिवलीच्या डॉक्टरचं इंजेक्शन कमरेत बसलं की माणूस कळवळायचा, म्हणजे औषध पोचलं.

"हे दुखत नाय, जळत नाय. नुसतं पाणी चढवतात गं," ती कुजबुजायची. "खरी बाटली आत ठेवत असतील."

एका दुपारी मी चहा आणायला गेले. परत आले तर आत्याचं तोंड आणि मान लालबुंद, ती कराकरा खाजवतेय आणि बाटली जवळजवळ रिकामी. मी सिस्टरवर ओरडले. तिने आधी सलाईन थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं आणि मग मला थेंबांचा वेग कमी-जास्त करायचं नळीवरचं छोटं चाक दाखवलं. कुणीतरी ते पूर्ण उघडलं होतं.

"हे औषध भरभर गेलं की असंच होतं," डॉक्टर म्हणाले. आत्या छताकडे बघत होती.

लाली उतरल्यावर तिने मला जवळ ओढलं. "बघितलंस? आज खरं औषध दिलं."

दुसऱ्या दिवशी तेच औषध आणखी हळू सोडलं. लाली नाही, खाज नाही.

"आज परत पाणी," आत्याने नाक मुरडलं, आणि तिचा मोकळा हात हळूच चाकाकडे सरकला.

बाटली संपेपर्यंत मी तो हात घट्ट धरून बसले.