सायकलीच्या खर्चाची सूट

साठच्या दशकातली बेंगळूरची एक सकाळ... मी पहिल्यांदाच इन्कम टॅक्स ऑफिसला निघाले होते, आणि माझे वडील, अप्पा, माझ्याआधी कोट घालून दारात उभे! चिकपेटेत लोकांचे कोट शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, स्वतःचा मात्र सणालाच बाहेर निघायचा.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. सर्व्हेच्या नोकरीत पगार वाढला आणि कराच्या रेषेच्या स्वल्प, म्हणजे जरासाच, वर गेला. मला त्याचा केवढा आनंद... कुठेतरी धरण होतंय, शाळा उघडतायत, त्यात आपलीही एक वीट असेल असं वाटायचं.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, नोकरीच्या कामाला स्वतःची सायकल वापरलीस तर तिच्या खर्चाची सूट मिळते. माझी सायकल तर दिवसभर सर्व्हेसाठी घरोघर फिरायची.

दिवसभर... आणि थोडी संध्याकाळीही. सायकल घेताना अप्पांची एकच अट होती, काम झालं की सरळ घरी, नाहीतर सायकल बंद. पण जयनगर तेव्हा नवीन वसत होतं. रुंद रस्ते आखलेले, कडेला लहान लहान रोपं, आणि घरं अजून यायची होती.

काम संपलं की मी तिकडे वळायचे. पॅडल मारणं थांबवायचे, सायकल आपली आपण वाहत जायची... रिकाम्या प्लॉटांवर मी मनातल्या मनात घरं बांधायचे. एकात वाचनालय, एकात फक्त माझी अशी खोली. घरी कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

टॅक्स ऑफिसर वयस्क होते, कन्नडमधून बोलत होते. कागद बघून चष्म्यावरून म्हणाले, "सायकल सगळीच्या सगळी कामाला? रविवारी ती उपास करते का, अम्मा?"

अप्पा हसले. "आमची अक्का काम सोडून कुठं जात नाही, सार." घरात थोरली म्हणून अप्पासुद्धा मला अक्काच म्हणायचे.

मी नुसती हसले असते तरी चाललं असतं... सूट मिळाली असती, सायकलही राहिली असती. पण आयुष्यातला पहिला कर खोटं सांगून भरायचा? आणि खरं सांगितलं तर उद्यापासून पायी, हेही दिसत होतं.

"अर्धीच धरा, सार," मी म्हणाले. "कामानंतर मी जयनगरला जाते... उगाच. फिरायला."

त्यांनी आकडा अर्धा केला.

परतताना मी सायकल हातात धरून त्यांच्या बाजूनं चालत होते. ते म्हणाले, "कोण असतंय गं तिथं?"

"कुणी नाही, अप्पा. रस्ते आहेत नुसते. घरं व्हायचीत अजून."

"मग तू काय करतीस?"

"बघते..."

मग म्हणाले, "सरी, बरं तर. अंधाराच्या आत येत जा." आणि जरा थांबून, "केवढे रुंद आहेत गं रस्ते?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले... आणि पडणारी सायकल अप्पांनीच धरली.

सरकारनं ज्या अर्ध्या सायकलीवर सूट दिली नाही, ती त्या दिवसापासून राजरोस माझी झाली.