तबेल्याचा उतार

"सांडत नाही, दाखवतोय," असं म्हणत काका तांब्यातलं पाणी तबेल्याच्या फरशीवर ओतायचे. पाहुणे बिचारे साड्या उचलून, बूट सावरून मागे सरायचे. पण पाणी कुणाच्या पायाशी येतच नसे. दगडी फरशीत बोटभर रुंद खाचा होत्या. त्यांतून ते सुळसुळत भिंतीतल्या भोकापर्यंत जाई आणि बाहेर थेट लिंबाच्या आळ्यात पडे.

टिटवाळ्याच्या बाहेर एका शेटची वाडी होती. पुढे मोठा बंगला, मागे तबेला, बग्गीखाना, धोबीघर. काका तिथले राखणदार. त्यांचे वडील शेटचे घोडे सांभाळायचे, त्यामुळे त्यांचा जन्मच तबेल्याशेजारच्या खोलीतला. मी रिकाम्या बग्गीखान्यात बालवाडी चालवायचे, तेव्हाची आमची ओळख. वीस वर्षं ते मला बाई म्हणाले आणि मी त्यांना काका.

लोक यायचे बंगला बघायला. काका त्यांना आधी मागे न्यायचे. "शेट वर्षातून दोनदा यायचा, घोडा रोज राहायचा. आता तुम्हीच सांगा, चांगलं घर कुणाचं बांधलं असेल?"

खरं सांगते, त्यात खोटं काही नव्हतं. बंगल्याच्या रंगीत काचांतून दुपारचं ऊन असं शिरायचं, की आत बसवत नसे. तबेल्याच्या भिंती मात्र हातभर जाड, कौलांखाली वाऱ्याला झरोके. मे महिन्यात खुद्द शेट आरामखुर्ची टाकून घोड्याशेजारी पेपर वाचत बसायचे म्हणे. "घोड्याने कधी तक्रार केली नाही हां," काका वर सांगायचे.

मग वाडी विकली गेली. टॉवर होणार होते. जुन्यातली एकच इमारत ठेवायची, बाकी पाडायचं, असं नव्या मालकांनी ठरवलं. कुठली ते सांगायला आर्किटेक्ट मॅडम येणार होत्या. सगळे म्हणाले, बंगलाच राहणार, त्यात काय विचारायचं. काका रोज फरशी घासू लागले.

"बाई, पहिली फरशी गुळगुळीत होती. घोडा घसरून पडला, तेव्हा बाबांनी बसून छिन्नीने या खाचा पाडल्या. लिंबूही त्यांनीच लावलं. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही हो माझ्याकडे. हे गेलं की बाबा गेले."

आता माझा पराक्रम ऐका. पाहणीच्या आदल्या दिवशी काका मुलीकडे ठाण्याला, खोपटला गेलेले. आम्ही महिला मंडळाच्या बाया हिरिरीने कामाला लागलो. मोठी माणसं येणार, आणि फरशी ही अशी चरे पडलेली! सिमेंट आणलं, खाचा बुजवल्या, आरशासारखी फरशी केली. वीस वर्षं तो तांब्या पाहिलेली मी, मीच उभी राहून सांगत होते, "अगं, त्या कोपऱ्यातली पण बुजव." पाणी बघायचं सोडून मी इतकी वर्षं साडीच सावरत आले होते, दुसरं काय!

सकाळी काका आले ते मॅडमच्या बरोबरच. फरशी पाहिली. "छान केलंत बाई," एवढंच म्हणाले. आणि सवयीने तांब्या ओतला.

पाण्याचं तळं झालं. तळं हळूहळू मॅडमच्या बुटांशी गेलं.

"काका, इथे तर पाणी तुंबतंय," त्यांच्यासोबतचा इंजिनिअर म्हणाला.

काकांनी तांब्या खाली ठेवला. खोलीतून छिन्नी आणली, मांडी घातली आणि कालचं ओलसर सिमेंट उकरायला लागले. मला उभं राहवेना. बालवाडीच्या खिचडीचं उलथणं आणून मीही शेजारी बसले. मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि उकिडव्या बसून बघत राहिल्या. एक खाच मोकळी झाली. पाण्याला ती सापडली आणि पाणी निघालं. मॅडम उठून बाहेर लिंबापर्यंत जाऊन आल्या. म्हणाल्या, "काका, पुन्हा ओता."

तबेला राहिला. बंगला पडला.

राहिला म्हणजे काय, त्याचं हेरिटेज लाउंज झालं. आत सोफे, दाराला जाड दोर, बाहेर वॉचमन. काकांना सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पहिल्याच दिवशी त्यांनी बाथरूममध्ये तांब्या ओतला, तर पाणी हॉलमध्ये आलं.

"घोडा राहिला नसता इथे," ते म्हणाले, आणि राहिले.

लिंबाला पाणी घालायच्या निमित्ताने ते रोज खाली यायचे. वॉचमन म्हणाला, "आजोबा, आत जायला मेंबरशिप लागते."

"इथे जन्मलोय. चालेल का?"

नाही चाललं.

गेल्या वर्षी काका गेले. आता दर गुरुवारी मीच तांब्या घेऊन जाते. दोरावरून वाकते आणि ओतते.

"ओ आजी, पाणी काय सांडताय!" परवा वॉचमन ओरडला.

"सांडत नाही रे, दाखवतेय."

त्याने बूट सावरून पाय मागे घेतला. पाणी त्याच्याकडे गेलंच नाही. ते लिंबाकडे गेलं.