अक्कांची वाटी

यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत घरोघरचं दही शेजारच्या अक्कांच्या विरजणावर लागतं. अक्कांचं हृदय मात्र थकलंय. दोन पायऱ्या चढल्या की तिसरीवर बसून त्या जिन्यालाच शिव्या देतात.

"अक्का, परदेशात मूळपेशींपासून हृदयाच्या पेशी वाढवल्यात. बशीत आपोआप धडधडतात!" मी आमच्या संघटनेचं पत्रक फडकावत सांगितलं. "पण उपचार निघाला की आधी श्रीमंतांनाच मिळणार! ही मक्तेदारी चालू द्यायची नाही!"

"ओरडू नको गं. स्वल्प विरजणापुरत्या आण. मी लावते, गल्लीभर वाटू."

आणि त्यांनी खरंच वाटी घासून माझ्या हातात दिली.

आमच्यात शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर घालून द्यायला गेले, तर म्हणाल्या, "हे नको. त्या पेशी येईपर्यंत थांबते मी."